न फुटलेल्या अंड्यांचा जबाब

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी मी उबवणी यंत्राचं झाकण उघडलं. आत तेरा पिल्लं होती. अंगावरची लव वाळून गर्द तपकिरी झालेली, एकमेकांच्या पाठीवर चढत, माझ्या हाताच्या सावलीकडे माना वर करणारी. त्यांच्या आजूबाजूला वीस अंडी मात्र जशीच्या तशी पडून होती. एकाही अंड्यात हालचाल नाही, आवाज नाही. ४० अंड्यांपासून सुरुवात केली होती. सातव्या दिवशी सात रिकामी निघाली म्हणून बाजूला काढली. उरलेल्या ३३ पैकी १३ बाहेर आली.

ती वीस अंडी मी परसातल्या खड्ड्यात टाकायला निघालो होतो. शेजारच्या काकूंनी अडवलं. त्यांच्या घरी बदकाची अंडी वर्षानुवर्षं खुडूक कोंबडीखाली उबवली जात. त्या म्हणाल्या, "टाकायच्या आधी फोडून तर बघ. कुठवर आली होती ती, ते तरी कळेल."

पडवीत वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक अंडं बोथट टोकाकडून उघडलं. तासाभरात कागदावर चार ढीग झाले. तीन अंड्यांत पहिल्या आठवड्यातच मेलेला गर्भ होता. दोन सडलेली. एक अर्ध्या वाटेवर थांबलेलं. आणि तब्बल चौदा अंड्यांत पूर्ण वाढलेलं, चोच-पंख-नखांसकट तयार पिल्लू होतं. म्हणजे अठ्ठावीस दिवसांपैकी पंचवीसएक दिवस माझं यंत्र नीट चाललं होतं, आणि घात झाला होता तो अगदी दारात येऊन.

या प्रकरणात सांगायचं आहे ते एवढंच, की उबवणीत काय चुकलं हे शोधायचं असेल तर न फुटलेली अंडी उघडा. गर्भ कोणत्या दिवशी थांबला, हे प्रत्येक अंडं सांगतं. तो दिवस कळला की निम्मी कारणं आपोआप गळून पडतात, कारण पहिल्या आठवड्यात मारणाऱ्या चुका वेगळ्या असतात आणि शेवटच्या तीन दिवसांत मारणाऱ्या वेगळ्या.

आधी हिशेब अठ्ठावीस दिवसांचा

कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात. खाकी कॅम्पबेल, पेकिन, इंडियन रनर यांसारख्या जातींच्या बदकांना २८ दिवस लागतात. मस्कोव्ही हे मूळचं अमेरिका खंडातलं बदक वेगळ्याच प्रजातीचं, त्याची अंडी ३३ ते ३५ दिवस घेतात. बदकाची अंडी फुटत नाहीत ही तक्रार कित्येकदा इथेच संपते, कारण मस्कोव्हीची अंडी तिसाव्या दिवशी कुणीतरी कंटाळून फेकलेली असतात.

यंत्राची गरज का पडते, तेही समजून घ्यायला हवं. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार केली. भरपूर अंडी देणारं बदक हवं, हे त्यांचं उद्दिष्ट होतं. चांगली मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. पण अंडी देत राहणारी मादी अंड्यांवर बसत नाही, आणि बसणारी मादी देत नाही. अंड्यांसाठी निवड होत गेली तसं खुडूक होणं मागे पडलं. म्हणून ही पिल्लं एक तर कोंबडीच्या पंखाखाली जन्मतात, नाही तर यंत्रात.

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. बिनपंख्याच्या यंत्रात उष्ण हवा वर साचते, म्हणून अंड्याच्या वरच्या पातळीवर मोजून ३८.३ ते ३८.९ अंश ठेवतात. पहिले २५ दिवस आर्द्रता ५५ ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ७० टक्क्यांच्या पुढे. पंचविसाव्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची, मग फिरवणं बंद. पुस्तकी नियम एवढाच. माझ्या वीस अंड्यांनी दाखवून दिलं की हे आकडे पाठ असणं आणि ते अंड्यापर्यंत पोचणं यांत बरंच अंतर आहे.

सातवी रात्र: दिव्यावर अंडं

सातव्या दिवशी अंधार पडल्यावर खोलीतले दिवे मालवायचे. मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरून अंड्याचं बोथट टोक तिच्यावर टेकवायचं. खाकी कॅम्पबेलचं अंडं पांढरं असतं, त्यामुळे आतलं स्पष्ट दिसतं. जिवंत अंडं आतून तांबूस उजळतं. मधोमध एक काळा ठिपका, आणि त्याच्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या बारीक लाल रेषा. अंडं हातात स्थिर धरून पाच-दहा सेकंद थांबलं तर तो ठिपका हलताना दिसतो. तो ठिपका म्हणजे पिल्लाचा डोळा.

जे अंडं नुसतं पिवळसर उजळतं, ज्यात रेषा नाहीत, ते रिकामं. ज्यात लाल रंगाचं कडं दिसतं आणि कड्याच्या आत काहीच नाही, त्यात गर्भ धरला होता पण पहिल्या काही दिवसांत मेला. रक्तवाहिन्या आटून रक्त कडेला साचलं, त्याचं ते कडं. ही दोन अंडी एका टोपलीत टाकली की निदान चुकतं. रिकामं अंडं कळपातला दोष सांगतं. रक्ताचं कडं अंडं साठवण्यातला, आणण्यातला किंवा यंत्रातला दोष सांगतं.

रिकामी अंडी जास्त निघत असतील तर यंत्राला हात लावू नका, बदकांकडे जा. हलक्या जातीत पाच-सहा माद्यांमागे एक नर लागतो. नर म्हातारा असेल, नुकताच कळपात सोडला असेल किंवा दोन नर एकमेकांशी भांडण्यातच दिवस घालवत असतील तर अंडी फळत नाहीत. बदकांचा संग पाण्यात सहज होतो, जड जातींना तर पाण्याची मदत लागतेच. एखादी उथळ टाकी बांधून दिली तरी फरक पडतो.

रक्ताची कडी जास्त असतील तर अंडं यंत्रात जाण्याआधीचे दिवस आठवा. अंड्यातला गर्भ साधारण २१ अंशांच्या वर हळूहळू वाढू लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात घरातलंच तापमान ३० च्या वर असतं. अशा खोलीत आठ-दहा दिवस टोपलीत ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट जागा होतो, पण वाढीला पुरेशी ऊब मिळत नाही म्हणून अशक्त होतो. यंत्रात ठेवल्यावर दोन-तीन दिवसांत तो दम सोडतो. साठवणीला १३ ते १६ अंश तापमान उत्तम. घरच्या फ्रीजचं ४ अंश मात्र फारच थंड. गावात सोपा उपाय म्हणजे ओल्या वाळूत पुरलेला माठ. त्यात कोरडं फडकं अंथरून निमुळतं टोक खाली करून अंडी ठेवायची, वर ओलं कापड झाकायचं, आणि सात दिवसांच्या आत यंत्रात लावायची. सातव्या दिवसानंतर अंड्याची उमेद रोज थोडी थोडी कमी होत जाते.

दुसरं कारण प्रवास. दुचाकीच्या डिकीतून किंवा एसटीच्या मागच्या सीटवरून आलेली अंडी धक्क्यांनी आतून ढवळलेली असतात. घरी आणल्यावर बोथट टोक वर करून त्यांना बारा ते चोवीस तास विसावा द्या, मगच यंत्रात ठेवा.

मधले दिवस: वास घ्या

दुसरा आणि तिसरा आठवडा तसा शांत जातो. या काळात मेलेला गर्भ कमी सापडतो. सापडलाच तर संशय दोन गोष्टींवर घ्यायचा, माद्यांचा आहार आणि घाण.

अंड्यात पिल्लासाठी जी शिदोरी असते ती आईनं खाल्लेल्या अन्नातून येते. जीवनसत्त्वं कमी पडली तर गर्भ वाटेत थांबतो. बदकांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, तो म्हणजे बुरशी. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्कीची पिल्लं अचानक मेली. शोध घेतल्यावर कारण सापडलं, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीचं विष. अफ्लाटॉक्सिनची ओळख जगाला तिथून झाली. या विषाला बदकाची पिल्लं इतकी लवकर बळी पडतात की पुढे विषाची परीक्षा करायला त्यांचाच वापर होऊ लागला. पावसाळ्यात ओलावलेली पेंड किंवा मका बदकांना घालणं म्हणजे पुढच्या अंड्यांवर पाणी सोडणं.

घाणीचं सांगायचं तर बदक बहुतेक अंडी पहाटे घालतं, आणि चिखलात घालायलाही मागेपुढे पाहत नाही. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. चिखलातले जिवाणू त्यातून आत शिरले की ३७.५ अंशांच्या उबेत ते पिल्लापेक्षा वेगानं वाढतात. अंडं आतून सडतं, वायू कोंडतो, आणि एखाद्या दिवशी ते यंत्रातच फुटून शेजारच्या सगळ्या अंड्यांवर विष उडवतं. म्हणून रोज झाकण उघडताना आधी वास घ्यायचा. कवचावर तपकिरी थेंब दिसला, दिव्यावर काळपट डाग दिसले की ते अंडं अलगद उचलून घराबाहेर न्यायचं.

यावर इलाज यंत्राबाहेर आहे. बदकांना सकाळी आठ-नऊपर्यंत खुराड्यातच ठेवायचं. कोपऱ्यात भाताच्या पेंढ्याची कोरडी गादी करायची आणि पेंढा वरचेवर बदलायचा. अंडी स्वच्छ पेंढ्यात पडली तर धुवायची वेळच येत नाही. धुवावंच लागलं तर पाणी अंड्यापेक्षा गरम, हाताला सोसेल इतपत कढत असावं. थंड पाण्यात अंडं आतून आकसतं आणि घाण पाण्यासकट आत ओढली जाते.

वजनाची वही

आता माझ्या चौदा पिल्लांकडे येऊ. त्यांतल्या अकरा पिल्लांची गोष्ट एकसारखी होती. अंड्याच्या बोथट टोकाला जी हवेची पोकळी असते, ती त्यांच्यात जेमतेम दोन बोटांच्या चिमटीएवढी होती. पिल्लू फुगलेलं, ओलं, मानेभोवती पाणी साचलेलं. एकाही पिल्लानं कवचाला टोचा मारलेला नव्हता. ती पिल्लं अंड्यातच बुडून मेली होती.

अंडं उबताना त्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून सतत बाहेर जात असतं. जेवढं पाणी जातं तेवढी हवा आत येते आणि पोकळी मोठी होते. याच पोकळीत पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास घेतं. हवा दमट ठेवली तर पाणी बाहेर पडत नाही, पोकळी लहान राहते, आणि पिल्लाला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. हवा फार कोरडी ठेवली तर उलट होतं. पोकळी फार मोठी, पिल्लू सुकलेलं, आणि आतला पापुद्रा चामड्यासारखा त्याच्या अंगाला आवळून बसतो.

मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. यंत्रासोबत आलेल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की पाण्याच्या दोन्ही पन्हाळ्या कायम भरून ठेवा. मी तेच केलं होतं. पण तो जुलै होता, आणि जागा कोकण.

हवा तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते. कोकणात पावसाळ्यात खोलीत २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते. तीच हवा यंत्रात जाऊन ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता साधारण ५० टक्क्यांवर येते, तीही पन्हाळीत पाण्याचा थेंब नसताना. वर अंड्यांतून बाहेर पडणारी वाफ असतेच. म्हणजे जुलैच्या कोकणात पहिल्या पंचवीस दिवसांसाठी पन्हाळ्या जवळपास कोरड्याच हव्यात. डिसेंबरात पठारावर खोलीत १८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा यंत्रात १६ टक्क्यांच्या आसपास येते. तिथे दोन पन्हाळ्याही कमी पडतील. एकाच यंत्राला एकच नियम वर्षभर आणि सगळीकडे लागू पडत नाही, तो यामुळे.

मग अंदाज कसा घ्यायचा? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यानं. बदकाच्या अंड्याचं वजन रोज साधारण अर्धा टक्का घटायला हवं, पंचविसाव्या दिवसापर्यंत बारा ते चौदा टक्के. एकेका अंड्याचा फरक साध्या काट्यावर कळत नाही, म्हणून दहा अंडी एकदम तोला. यंत्रात ठेवताना दहा अंडी मिळून ७०० ग्रॅम भरली असतील, तर सातव्या दिवशी काटा ६७५ च्या आसपास, चौदाव्या दिवशी ६५० च्या, एकविसाव्या दिवशी ६२६ च्या आणि पंचविसाव्या दिवशी ६१२ च्या आसपास दाखवायला हवा. वजन याहून जास्त असेल तर पाणी कमी करा आणि हवेची भोकं उघडा. कमी असेल तर पाणी वाढवा. आर्द्रतामापक खोटं बोलू शकतो. वजन खोटं बोलत नाही.

ज्याच्याकडे काटा नाही, त्यानं दर आठवड्याला अंडं दिव्यावर धरून हवेच्या पोकळीची कड पेन्सिलनं कवचावर आखावी. चार आठवड्यांत झाडाच्या खोडातल्या कड्यांसारख्या रेषा तयार होतात, आणि वाढ किती झाली ते नजरेनंच कळतं.

यंत्राची साक्ष तपासून घ्या

पडद्यावर ३७.५ दिसतंय म्हणजे अंड्याला ३७.५ मिळतंय, असं धरून चालू नका. स्वस्त यंत्रांतल्या मापकांत अर्ध्या-एक अंशाची चूक सहज असते, आणि अर्धा अंश अंड्यासाठी फार असतो. सतत जास्त उष्णता मिळाली तर पिल्लं लवकर येतात, लहान चणीची असतात, बेंबी उघडी राहते. सतत कमी मिळाली तर पिल्लं उशिरा, एकोणतीस-तीस दिवसांनी, सुस्त आणि फुगीर पोटाची येतात. म्हणून पिल्लं बाहेर यायची वेळ हाही एक पुरावा आहे, तो वहीत लिहून ठेवा.

तापमापक तपासायला घरातला ताप मोजायचा खात्रीचा थर्मामीटर पुरतो. दोन्ही ३८ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात बुडवून आकडे ताडून बघा. आर्द्रतामापकासाठी मिठाची परीक्षा आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घाला, ओल्या वाळूसारखं झालं की थांबा. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मापकानं ७५ दाखवायला हवं, कारण ओल्या मिठावरची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांवरच स्थिरावते. मापक ६८ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी सात मिळवा.

तापमापक आणि आर्द्रतामापक आले अलीकडे. इजिप्तमध्ये मातीच्या उबवणी-घरांत हजारो अंडी उबवणारे कारागीर अंडं डोळ्याच्या पापणीला टेकवून उष्णता ओळखत. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात बदकाची अंडी भाताच्या तुसानं वेढलेल्या टोपल्यांत उबवत, आणि जुन्या अंड्यांची ऊब नव्या अंड्यांना देत. त्यांना कळलं होतं ते असं, की दोन आठवड्यांनंतर अंडं नुसती ऊब घेत नाही, ते स्वतः ऊब देऊ लागतं. बदकाचं अंडं मोठं आणि स्निग्ध, त्यामुळे शेवटच्या दिवसांत त्याच्या आतली उष्णता यंत्रातल्या हवेपेक्षाही चढते. अनेक अनुभवी लोक आठव्या दिवसापासून चोविसाव्या दिवसापर्यंत रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून अंडी निववतात आणि वर कोमट पाण्याचा हलका फवारा मारतात. आई पाण्यावर जाऊन ओल्या पिसांनी परत येते, तसंच हे.

यातून वीज जाण्याचं गणितही सुटतं. पहिल्या आठवड्यात तासाभराच्या भारनियमनानं अंडी सहसा दगावत नाहीत. झाकण बंद ठेवा, वर गोधडी टाका, हवेची भोकं थोडी मोकळी राहू द्या. शेवटच्या आठवड्यात भरलेल्या यंत्रात अंडी आपली ऊब आपणच टिकवतात. तेव्हा गोधडी घालून सगळं कोंडणं जास्त घातक, कारण पंखा बंद असताना ऊब साचते आणि प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात खोलीचंच तापमान ४० अंशांवर गेलं तर कुठलंही घरगुती यंत्र हतबल होतं. ते तापवू शकतं, गार करू शकत नाही. त्याला घरातल्या सर्वांत गार, वारा खेळत्या खोलीत हलवणं हाच इलाज.

शेवटचे तीन दिवस: हात आवरा

पंचविसाव्या दिवशी अंडी फिरवणं थांबतं आणि पाणी वाढतं. सव्विसाव्या दिवशी दिव्यावर पाहिलं तर हवेच्या पोकळीत एक सावली हलताना दिसते. पिल्लानं आतला पापुद्रा चोचीनं फोडलेला असतो. अंडं कानाला लावलं की बारीक चिवचिव ऐकू येते. काकूंच्या घरी सत्ताविसाव्या दिवशी सगळी अंडी अशी कानाला लावून बघायची रीत होती.

मग बाहेरच्या कवचावर एक तडा, त्यातून चोचीच्या टोकावरचा पांढरा दाणा. इथून माणसाचा धीर सुटतो. कोंबडीचं पिल्लू टोचा मारल्यावर बहुधा दिवसाभरात बाहेर येतं. बदकाचं पिल्लू चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तसंच थांबतं. त्या वेळात आत दोन मोठी कामं चाललेली असतात. आतापर्यंत कवचालगतच्या रक्तवाहिन्यांतून मिळणारा प्राणवायू आता फुप्फुसांतून घ्यायचा असतो, म्हणून त्या वाहिन्यांतलं रक्त आत ओढलं जातं. आणि उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात घ्यायचा असतो. ही कामं पुरी व्हायच्या आत कवच सोललं तर रक्त वाहतं आणि पिल्लू हातात मरतं.

माझ्या चौदा अंड्यांतलं एक असं होतं, की टोचा मारून पापुद्रा वाळून पिल्लू त्यातच अडकलेलं. दोष माझा होता. पहिलं पिल्लू आलं म्हणून मी दर अर्ध्या तासानं झाकण उघडून बघत होतो. प्रत्येक वेळी दमट हवा बाहेर गेली आणि अडकलेल्या पिल्लाच्या तोंडावरचा पापुद्रा कागदासारखा कडक झाला. बाहेर आलेली पिल्लं पोटात बलक घेऊन आलेली असतात, चोवीस तास त्यांना दाणा-पाणी लागत नाही. त्यांना आतच राहू द्या.

मदत कधी करायची? टोचा मारल्यावर अठ्ठेचाळीस तास उलटले, तडा पुढे सरकत नाही आणि पापुद्रा पिवळट, कोरडा दिसू लागला, तरच. खोली गरम करून घ्या, हात धुवा. बोथट टोकाकडचा, हवेच्या पोकळीवरचा थोडाच भाग चिमट्यानं काढा. पापुद्र्यावर कोमट पाण्याचा बोळा फिरवा. पापुद्र्यात लाल रेषा दिसल्या की लगेच थांबा, अंडं परत यंत्रात ठेवा आणि सहा-आठ तासांनी पुन्हा बघा. रेषा नसतील तर पापुद्रा चोचीपासून थोडा मागे सारा. शेवटचा धक्का पिल्लालाच देऊ द्या.

उरलेली दोन पिल्लं निमुळत्या टोकाकडे डोकं करून बसली होती. तयार पिल्लाचं डोकं उजव्या पंखाखाली आणि चोच हवेच्या पोकळीकडे असायला हवी. अंडं निमुळतं टोक वर करून ठेवलं किंवा पुरेसं फिरवलं नाही, तर पिल्लू उलटं बसतं आणि त्याला हवा सापडत नाही. कोंबडीच्या अंड्यांसाठी बनवलेल्या फिरत्या ट्रेमध्ये बदकाची मोठी अंडी नीट बसत नाहीत, ट्रे फिरतो पण अंडं जागच्या जागी घसरतं, हेही तपासायला हवं.

दुसरी खेप

ऑगस्टमध्ये मी पुन्हा ४० अंडी लावली. पंचविसाव्या दिवसापर्यंत पन्हाळ्या कोरड्या ठेवल्या आणि दर आठवड्याला दहा अंडी तोलून वहीत लिहिली. माझा फिरता ट्रे बदकांच्या अंड्यांना लहान पडत होता, म्हणून तो काढून अंडी आडवी ठेवली, एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला, आणि हातानं फिरवू लागलो. सातव्या दिवशी पाच रिकामी निघाली. उरलेल्या ३५ पैकी २७ पिल्लं बाहेर आली, आणि शेवटच्या तीन दिवसांत झाकण मी फक्त दोनदा उघडलं.

पडवीत पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. आठ अंडी. बुडालेलं एकही नव्हतं, हवेच्या पोकळ्या व्यवस्थित होत्या. दोन पहिल्या आठवड्यातली, दोन मधल्या दिवसांतली, एक पूर्ण वाढूनही टोचा न मारलेलं. आणि तीन पिल्लं पुन्हा उलटी बसलेली.

तीन. मी वही उघडून फिरवण्याच्या वेळा बघितल्या. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री दहा. दिवसाला चार वेळा, एकदाही न चुकता. मग लक्षात आलं. चार वेळा उलटलेलं अंडं रोज रात्री त्याच बाजूवर येतं. रात्रीचे सलग आठ तास, पंचवीस रात्री, प्रत्येक अंडं फुलीवरच झोपलं होतं. वेळा विषम असत्या तर एक रात्र फुलीवर, दुसरी गोलावर गेली असती. पिल्लं उलटी बसण्याचं हेच कारण, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण तपासायची पहिली जागा ती.

कागद गुंडाळला, अंडी खड्ड्यात पुरली. पुढच्या खेपेचं कोरं पान काढून वर तारीख घातली, आणि फिरवण्याच्या रकान्यात चारच्या जागी पाच लिहिलं.